तारेची निगा

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक सफरनाम्यात पैठणहून भडोचच्या बंदराकडे गाड्यांतून जाणाऱ्या मौल्यवान खड्यांचा उल्लेख आहे. परंतु सातवाहनांच्या या राजधानीचे नाव पुढे जे घरोघरी गेले, ते तारेच्या बळावर. मुलामा दिलेली चांदी पोलादी पट्टीच्या छिद्रांतून ओढून केसाइतकी बारीक करावी, ठोकून चपटी करावी आणि रेशमी धाग्यावर वेटाळावी, म्हणजे जर तयार होई. आणि पेशव्यांच्या दफ्तरातून ज्या पैठणी वस्त्रांची मागणी होई, त्यांचे पदर या जरीचेच असत.

पैठणीला धुळीपेक्षा घडीचे भय अधिक. एकाच रेषेवर वर्षानुवर्षे मोडलेली जर त्या रेषेवरच तडकते; म्हणून जाणत्या गृहिणी सणवार आटोपला की पैठणी सावलीत पसरून वारा देत, मागची घडी हाताने निपटून काढीत, दुसऱ्याच जागी नवी घडी घालीत आणि मग ती जुन्या मलमलीत गुंडाळून पेटीत ठेवीत. या दक्षतेला केवळ माया म्हणणे भाबडेपणाचे होईल. जरीत चांदी होती, ती सावकाराकडे गहाण पडू शकत होती. शिवाय पदर उसवलाच, तर तो विणणारा हात पुढच्याच गल्लीत होता. वस्त्र अगदीच विरले, तरी जर जाळून चांदी काढून घेणारे गिऱ्हाईक दारी येई. म्हणजे निगा, दुरुस्ती आणि मोड या तिन्ही गोष्टींची तजवीज गावातच होती.

विसाव्या शतकात घरांत रेडिओ आला, तेव्हा हाच शिरस्ता त्यालाही लागू झाला. टपाल कचेरीत दरसाल परवान्याची फी भरून ठेवावा लागणारा हा जिन्नस भरतकामाच्या आच्छादनाखाली, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर विराजमान असे. आणि तो बिघडला, की पाठीमागचे झाकण उघडून डाग देणारा कारागीर तालुक्याच्या बाजारात मिळे. पुढे 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी ज्याची कोनशिला बसवली आणि 1976 साली इंदिरा गांधींनी ज्याचे उद्घाटन केले, त्या पैठणजवळच्या जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी 12 मेगावॉटचे वीजगृहही उभे राहिले.

आता प्रत्येक खिशात मोबाईल आहे आणि त्याला काचेचे कवच व रबरी आवरण आहे. पण ज्या तारेवाचून तो निष्प्राण, ती चार्जरची वायर मात्र खाटेच्या पायाखाली चेपलेली, फोनभोवती करकचून गुंडाळलेली आढळते. ती तुटते तीही घडीवरच: पिनेच्या मानेशी वारंवार वाकून आतील तांब्याचे तंतू कठीण होतात आणि एकेक करून मोडतात. मग काळी टेप, बॉलपेनमधली स्प्रिंग, आणि अखेरीस पिन वाकडी धरून वर उशी ठेवण्याचा उपाय. तंतू उघडे पडलेली वायर टेपखाली झाकून वापरणे धोक्याचे असते, हे ठाऊक असूनही हे चालते.

या हेळसांडीचा सगळा दोष नव्या पिढीच्या माथी मारणे मला न्यायाचे वाटत नाही. वायरीचा सांधा साच्यात ओतून बंद केलेला, नवी वायर थोडक्या पैशांत मिळणारी आणि तिच्या मानेवर डाग देत बसणे दुकानदाराला न परवडणारे. अशा वस्तूची निगा कोणी कशाच्या आशेवर राखावी? पैठणीची गोष्ट निराळी ठरली. तिला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि पैठणच्या विणकाम केंद्रात आजही तिल्लीवरचे, म्हणजे छोट्या कांडीवरचे, रंगीत रेशीम हातानेच भरले जाते. मागावर तुटलेला उभा धागा कारागीर बोटांच्या चिमटीत पिळून सांधतो आणि काम पुढे चालू ठेवतो.

वायरीच्या मोडीचे म्हणाल, तर 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नव्या नियमांनी मोडीत निघालेल्या उपकरणांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कायदा योग्यच, पण वायरींचे वेटोळे आजही बहुधा भंगारवाल्याच्या तराजूतच पडते, आणि जिथे तांबे सोडवण्यासाठी वरचे प्लॅस्टिक उघड्यावर जाळले जाते, तिथे जर जाळणाऱ्याच्या भट्टीत कधी नव्हता असा विषारी धूर निघतो.