वेट बेंच : वापरलेल्या यंत्राची निवड

वेट बेंच : अर्धसंवाहक निर्मितीत सिलिकॉनच्या चकत्या (वेफर) द्रव रसायनांत बुडवून स्वच्छ करण्याचे, त्यांवरील थर कोरण्याचे किंवा फोटोरेझिस्टचा (प्रकाशसंवेदी द्रव्याचा) लेप काढण्याचे यंत्र. रसायनांच्या टाक्या, अतिशुद्ध पाण्याने खळबळण्याची टाकी, वाफा ओढणारा एक्झॉस्ट आणि निचरा ही त्याची मुख्य अंगे होत. संशोधन प्रयोगशाळा व लहान कारखाने खर्च वाचवण्यासाठी वापरलेले यंत्र घेतात. अशा यंत्राची योग्यता त्याच्या वयापेक्षा टाक्यांच्या द्रव्यावर आणि त्यांत पूर्वी काय भरले होते यावर अधिक ठरते.

टाक्यांचे द्रव्य : आरसीए कंपनीत वर्नर कर्न यांनी १९६५ मध्ये विकसित केलेल्या स्वच्छता पद्धतीत अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड व पाणी यांचे सुमारे ७५° से. तापमानाचे द्रावण कण व सेंद्रिय मळ काढते. हायड्रोक्लोरिक अम्लाचे द्रावण धातूंचे अंश काढते. या दोन्हींना क्वार्ट्‌झची टाकी चालते. हायड्रोफ्लुओरिक अम्ल मात्र क्वार्ट्‌झच खाते. त्याला पीव्हीडीएफ किंवा पीएफएसारखे फ्लुओरिनयुक्त प्लास्टिक लागते. अम्लांच्या बेंचचा सांगाडा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. ज्वलनशील द्रावकांसाठी स्टेनलेस स्टीलचा स्वतंत्र बेंच हवा.

पूर्ववापर : तांबे सिलिकॉनमध्ये झपाट्याने पसरते, सोने त्यातील विद्युत्‌भारवाहकांचे आयुष्य घटवते आणि पोटॅशियमचे आयन ट्रान्झिस्टरच्या ऑक्साइड थरात सरकून त्याचे गुणधर्म बदलतात. म्हणून या धातूंसाठी किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या कोरणीसाठी वापरलेला बेंच ट्रान्झिस्टर घडवण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यांसाठी घेऊ नये. हे प्रदूषण डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे विक्रेत्याकडून वापराची लेखी नोंद घ्यावी.

सुरक्षा : यंत्र सुटे करण्यापूर्वी त्याचे निर्दूषण झालेले असावे व त्याचा दाखला असावा; सेमी या अर्धसंवाहक उद्योगाच्या संघटनेची एस१२ ही त्यासाठीची मार्गदर्शक सूचना आहे. पंप, गाळणी आणि नळ्यांच्या वळणांत अम्ल साचून राहते. विरल हायड्रोफ्लुओरिक अम्लाच्या संपर्कानंतर वेदना काही तासांनी सुरू होऊ शकतात आणि तोवर इजा खोल गेलेली असते. म्हणून अशी यंत्रे हाताळताना कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ असणे अत्यावश्यक आहे.

जुळणी : वेफरचा व्यास (१००, १५०, २०० किंवा ३०० मिमी.) आणि वेफर धरणारी कॅसेट टाकीच्या मापाशी जुळली पाहिजे. अमेरिकेतील यंत्रे पुष्कळदा २०८ व्होल्ट, ६० हर्ट्‌झवर चालतात; भारतातील ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यासाठी ट्रान्सफॉर्मर लागतो आणि मोटरी तपासाव्या लागतात. नियंत्रकाचे सुटे भाग मिळत नसतील, तर तो बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

चाचणी : उभारणीनंतर प्रथम पाणी भरून गळती, निचरा व सुरक्षा इंटरलॉक तपासतात आणि धूर सोडून एक्झॉस्टचा ओढा पाहतात. त्यानंतर कोरे वेफर धुऊन त्यांवरील कण मोजतात व धातूंचे अंश तपासतात. हे निकाल प्रक्रियेच्या मर्यादेत आल्यावरच उत्पादनाचे वेफर टाकीत उतरवावेत.