काम आणि कामाची साक्ष: शालेय इंटर्नशिपच्या अभ्यासाची प्रस्तावना

दहावीतल्या मुलाला ‘तुला काय येते?’ असे विचारले, तर तो बहुधा टक्के सांगतो. प्रश्न कामाचा असतो, उत्तर गुणांचे येते आणि त्यात काही विचित्र आहे असे विचारणाऱ्यालाही वाटत नाही. शालेय वयातली इंटर्नशिप आणि तिच्यातून उभा राहणारा पोर्टफोलिओ यांचा अभ्यास इथून सुरू होतो. मुलाने कोणते काम पाहिले, कोणते स्वतः केले, कोणाच्या देखरेखीखाली केले, त्यातून त्याला काय कळले आणि याची साक्ष कोण देईल, हे पाच प्रश्न म्हणजे या क्षेत्राचा गाभा. शिक्षक, पालक, विद्यार्थी, संशोधक यांपैकी जो कोणी या विषयाकडे पहिल्यांदाच वळत असेल, त्याचे मनापासून स्वागत.

असा विषय हवेत मांडता येत नाही, त्याला जमीन लागते. इथे ती जमीन चौकची घेतली आहे. मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत, धारावी बेटाच्या टोकाला, उत्तन-पालीच्या पुढे हे कोळीवस्तीचे गाव आहे. समोर वसईची खाडी, खाडीपलीकडे वसईचा किल्ला. चौकच्या टेकाडावरचा धारावीचा किल्ला चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, मार्च 1739 मध्ये, मराठ्यांनी घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. आज या परिसरात मासेमारीचा धक्का आहे, बोंबील वाळवायच्या वलांड्या आहेत. उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी, केशवसृष्टी आणि महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. त्याच महापालिकेच्या दुसऱ्या टोकाला मीरा रोडचे उंच मनोरे आणि भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांचे कारखाने. काही किलोमीटरांच्या अंतरात समुद्र, शेती, कायदा, इतिहास आणि कारखानदारी एकत्र सापडावी, अशी गावे फार नाहीत.

या पट्ट्यातल्या मुलांची परिस्थिती मात्र दोन तऱ्हेची आहे. किनाऱ्यावरच्या घरातली मुले लहानपणापासून कामात असतात. मासळी निवडणे, वाळत घालणे, जाळ्याला हात लावणे, बाजाराचा हिशेब कानावर पडणे हे सारे त्यांच्या रोजच्या जगण्यात असते; पण त्याची नोंद कुठेच होत नाही, प्रगतिपुस्तकात तर नाहीच. मनोऱ्यांतल्या मुलांकडे प्रमाणपत्रांची जाड फाइल असते, आणि त्यातल्या अनेक कागदांमागे दोन तासांच्या ऑनलाइन सत्राखेरीज काही नसते. एकीकडे काम आहे पण साक्ष नाही, दुसरीकडे साक्ष आहे पण काम नाही. या दोन्ही उणिवा एकाच वेळी भरून काढणे हे या क्षेत्राचे खरे प्रयोजन आहे. तसे झाले नाही, तर इंटर्नशिप म्हणजे ओळखीपाळखीच्या घरांतल्या मुलांना मिळणारी आणखी एक सवलत ठरेल.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी केली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व वसतिगृहांच्या रोजच्या जीवनात उतरले. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची, म्हणजे नयी तालीमची, कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा तयार केला. कोठारी आयोगाने (1964–66) कार्यानुभव हा साऱ्या शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, असे सुचवले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे शिल्पकार जे. पी. नाईक. पुढे कार्यानुभवाचे काय झाले, हे आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत अनुभवले आहे. आठवड्याच्या एका तासिकेत कागदाची फुले आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे घर झाले, अनुभव उरला नाही.

या परंपरेतला सर्वांत अभ्यसनीय प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा. अन्नशास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतले संशोधन सोडून 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे. विषय चार: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. शिकवणारे अनेकदा गावातलेच कारागीर. केलेले काम गावाच्या उपयोगी पडायचे, म्हणून ते नीटच व्हावे लागायचे. इथे खोट्या कामाला जागा नव्हती, कारण वेल्डिंग कच्चे राहिले तर फाटक निखळते आणि ज्याचे ते फाटक, तो दारात येऊन उभा राहतो. कामाचा परीक्षक गुण देणारा नसून वापरणारा असावा, हे पाबळने दाखवून दिलेले तत्त्व या क्षेत्राच्या पायाशी आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने हा धागा पुन्हा उचलला. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस, त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे उमेदवारी, आणि सहावी ते बारावीच्या मुलांना सुट्ट्यांतही अशी संधी, असे त्यात सुचवले आहे. कागद चांगला आहे. तो चौकच्या धक्क्यापर्यंत कसा पोहोचतो, हा संशोधनाचा प्रश्न आहे.

त्यात पहिली अडचण दिनदर्शिकेची. शाळेची मोठी सुट्टी मे महिन्याची. महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, इंजिने उघडली जातात ती या दोन महिन्यांत. म्हणजे गाव जेव्हा शिकवायला मोकळे असते, नेमकी तेव्हा शाळा सुरू होऊन तिची घाई चाललेली असते. दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. डोल जाळे पाण्याच्या ओढीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरदार, मधल्या भांगाला मंद. अशा धंद्याला दहा ते पाचचे वेळापत्रक लावले, तर मुलाला फक्त रिकामा धक्का दिसेल. बोंबील वाळवण्याला पावसाळा संपल्यावरचे कोरडे ऊन आणि वारा लागतो. त्यामुळे चौकला इंटर्नशिप आखायची तर शैक्षणिक वर्षाबरोबर पंचांगही उघडावे लागेल. जून-जुलैतल्या शनिवारी जाळे आणि इंजिन, दिवाळीनंतर वाळवण आणि बाजार, अशी विभागणी इथे स्वाभाविक ठरते.

सिद्धान्ताच्या अंगाने या क्षेत्राला सर्वाधिक चालना दिली ती जीन लेव्ह आणि एटियेन वेंगर यांच्या 1991 च्या ग्रंथाने. लायबेरियातल्या शिंप्यांचा अभ्यास करताना लेव्ह यांना आढळले की, उमेदवार मुलगा कापड बेतण्यापासून सुरुवात करत नाही. तो आधी तयार कपड्याला इस्त्री करतो, बटणे लावतो, मग शिलाईकडे वळतो आणि कापड कापायला सर्वांत शेवटी शिकतो. तयार वस्तू आधी हाताळल्यामुळे तिचे अंतिम रूप त्याच्या मनात ठसलेले असते. शिवाय सुरुवातीची चूक महागात पडत नाही. कडेला उभे राहून, पण खऱ्या कामात सामील होऊन शिकणे असा हा विचार आहे. जाळे दुरुस्त करणाऱ्या माणसाशेजारी बसलेले मूल याच वाटेने जाते. आधी सूत भरून देणे, मग लहान फाटलेली आस, म्हणजे जाळ्याचे घर, सांधणे, आणि खोल्याकडचे, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या टोकाकडचे, बारीक काम कितीतरी नंतर. शाळेने या पायऱ्या ओळखल्या पाहिजेत. पहिल्या दिवशीच मुलाच्या हाती ‘प्रकल्प’ देणे म्हणजे कात्रीपासून सुरुवात करणे.

या क्षेत्रात मोठे वादही आहेत आणि नव्या वाचकाने ते टाळू नयेत. नयी तालीमच्या आराखड्यातच इशारा होता की, मुलांच्या श्रमाच्या आर्थिक बाजूवर भर दिला गेला, तर शिक्षणाचा मूळ हेतू बाजूला पडेल. त्याहून तीव्र वाद 1953 मध्ये मद्रास राज्यात उसळला. राजाजींच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली. जातीचा धंदा शाळेमार्फत मुलाच्या गळ्यात बांधण्याचा हा प्रकार आहे, अशी टीका झाली. राजाजी पायउतार झाल्यावर कामराज सरकारने 1954 मध्ये ती योजना रद्द केली. चौकबाबत बोलताना हा इतिहास समोर ठेवणे भाग आहे. कोळ्याच्या मुलाला जाळे आणि मनोऱ्यातल्या मुलाला संगणक अशी वाटणी झाली, तर ती इंटर्नशिप नव्हे, वर्णव्यवस्थेची नवी आवृत्ती होय. म्हणून अदलाबदल हवी. धक्क्यावरच्या मुलीला न्यायालयाचे कामकाज, मुद्रणालय, दवाखाना, लेखापालाचे कार्यालय पाहायला मिळावे. मीरा रोडच्या मुलाने वलांडीखाली दिवस काढावा.

कायद्याची चौकटही ठाऊक हवी. बालकामगारविषयक 1986 च्या कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार 14 वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. कुटुंबाच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुट्टीत मदत करता येते, तीही काम धोक्याचे नसेल तरच. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक व्यवसायांत कामाला लावता येत नाही. म्हणून शालेय इंटर्नशिपमध्ये मूल हे शिकणारे असते, कामगाराच्या जागी उभे केलेले नसते. चौकपुरते सांगायचे तर मुलाने धक्क्यावरचे सर्व शिकावे, समुद्रात जाऊ नये. मूल नसते तर ते काम करायला पैसे देऊन माणूस ठेवावा लागला असता का, हा साधा प्रश्न शिकणे आणि राबणे वेगळे करतो. उत्तर ‘हो’ असेल, तर तिथे शिक्षणाच्या नावाने दुसरेच काही चालले आहे.

आता पोर्टफोलिओकडे. करिअर मार्गदर्शनाचा शास्त्रीय आरंभ बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये केला. स्वतःची ओळख, कामाच्या जगाची ओळख आणि दोहोंचा मेळ ही त्यांची त्रिसूत्री. आपल्याकडे 2016 पासून दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी झाली, तिनेही मुख्यतः पहिल्या सूत्राला हात घातला. पण ज्या मुलाने चार व्यवसाय जवळून पाहिलेले नाहीत, त्याला स्वतःचा कल तरी कसा कळावा? पोर्टफोलिओ हे दुसऱ्या आणि तिसऱ्या सूत्राचे साधन आहे. त्यात प्रमाणपत्रे कमी आणि पुरावे जास्त असावेत: तारखेनिशी नोंदी, हाताने काढलेल्या आकृत्या, बिघडलेले काम आणि ते कसे सुधारले याचा तपशील, आणि शिकवणाऱ्याने आपल्या शब्दांत सांगितलेले चार वाक्यांचे मत. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, लिहायचे नसेल तर त्याने बोलावे, मुलाने उतरवून घ्यावे आणि वाचून दाखवावे.

एक उदाहरण घेऊ. ताज्या बोंबिलात सुमारे 85 ते 90 टक्के पाणी असते. नववीतल्या मुलीने वलांडीवर टाकण्यापूर्वी एक किलो बोंबील मोजले, रोज पुन्हा वजन केले, ऊन-वारा लिहिला, शेवटी किती ग्रॅम उरले ते पाहिले आणि ताज्या-सुक्या भावांची तुलना केली, तर तिच्या वहीत शेकडेवारी, बाष्पीभवन, आलेख आणि बाजार एकत्र आले. त्यापुढे तिने आईला विचारले की भाव कोण ठरवते, आणि आईच्या श्रमाचे पैसे त्या भावात धरतात का, तर ती अर्थशास्त्राच्या दारात उभी आहे. कोळी समाजात मासळीची विक्री आणि वाळवण मोठ्या प्रमाणावर बायकांच्या हातात आहे. त्यांच्या कौशल्याची नोंद मुलींच्या पोर्टफोलिओतून होऊ लागली, तर या क्षेत्राला मोठी देणगी मिळेल. धारावी किल्ल्याचे अवशेष मोजून आराखडा काढणे, जुन्या माणसांच्या आठवणी लिहून घेणे, दगड न हलवता फोटोंची सूची करणे हेही त्याच तोलाचे काम आहे. इतिहास आणि वास्तुशास्त्र यांकडे जाणारी वाट तिथूनही निघते.

संशोधकांसाठी या क्षेत्रात बरेच काही मोकळे पडले आहे. इंटर्नशिप केलेल्या मुलांच्या पुढच्या निवडी बदलतात का, शिकवणाऱ्या कारागिराला वेळेचा मोबदला कोणी द्यावा, मराठीत लिहिलेला पोर्टफोलिओ महाविद्यालये आणि मालक वाचतील का, या प्रश्नांची उत्तरे पुण्या-मुंबईच्या सभागृहांत मिळणार नाहीत. ती वर्षानुवर्षे एकाच गावात बसून शोधावी लागतील.

म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना विनंती एवढीच. शिक्षकाने येत्या वर्षी वर्गातल्या प्रत्येक मुलाला, घरच्या धंद्याबाहेरचे निदान एक काम जवळून पाहायला लावावे. पालकाने प्रमाणपत्रे किती मिळाली हे विचारण्याआधी, आज काय बिघडले आणि कसे दुरुस्त केले हे विचारावे. विद्यार्थ्याने साधी शंभर पानी वही घ्यावी, पहिल्या पानावर तारीख टाकावी आणि ज्याच्याकडून शिकला त्याचे नाव लिहावे. ज्या वहीत शिकवणाऱ्याचे नाव नाही आणि एकही चूक नाही, ती वही पोर्टफोलिओ म्हणून स्वीकारू नये.