गळ्यातील दप्तर

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुन्या कागदांची दप्तरे जतन करून ठेविली आहेत. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यासच निवर्तले. अस्सल कागदावाचून इतिहास लिहू नये, ही शिस्त त्यांनी महाराष्ट्रास लाविली. परंतु ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या अक्षरच शिकू दिले नाही, त्यांनी आपला इतिहास कोठे ठेवावा?

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी दिले. तेथे १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. १८७१ साली नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचे विद्यार्थी संस्थेसाठी पैसा जमविण्यास गायनाच्या दौऱ्यावर निघाले. त्यांतील बहुतेक गुलामीत जन्मलेले. आईबापांची भजने चारचौघांत गाण्याचा त्यांस प्रथम संकोच वाटे. त्या काळी गोरे नट तोंडास काजळी फासून काळ्यांची नक्कल करीत आणि प्रेक्षक हसत. त्या नकलेस या गंभीर गायनाने उत्तर मिळाले. पुढे १९०३ साली डु बॉइस या विचारवंताने आपल्या ग्रंथातील प्रकरणांच्या आरंभी याच गीतांचे स्वर छापिले. गाणे हाही दस्तऐवजच होय, हे त्याने ओळखिले.

हे उदाहरण आपणांस परके नाही. गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकनांस जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी डु बॉइस यांस पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. दरम्यान सत्यशोधकांनी तमाशाचा घाट घेऊन जलसा उभारिला होता, आणि १९३० नंतर खानदेशाशेजारच्या नाशिक भागात भीमराव कर्डकांच्या मंडळींनी आंबेडकरी जलसे गाजविले. ढोलकी तीच, सोंगाड्या तोच. बदलला तो हसण्याचा विषय. ज्यांस लोक हीन लेखीत, त्यांनीच शिवाशिवीचे हसे करून दाखविले.

जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींस लिहिता येत नव्हते. त्या शेतकरी कुळातल्या. जलसेकऱ्यांहून त्यांची कथा निराळी. तरी पुत्र सोपानदेवांच्या घरी ती गाणी टिपून ठेविली गेली, म्हणूनच १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ती महाराष्ट्राच्या हाती आली. प्रत्येक गाणाऱ्याच्या घरी असा लिहिणारा कोठून असणार?

म्हणून सुशिक्षितांनी हे काम अंगावर घ्यावे. खेड्यातील वृद्ध जलसेकऱ्यापाशी बसावे, तो गाईल तसे त्याच्याच बोलीत उतरून घ्यावे, शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये. अमेरिकेतील ती भजने आज जगभर गाइली जातात, परंतु त्यांतील बहुतेक कोणी रचिली हे सांगता येत नाही. आपण गाण्याखाली गाणाऱ्याचे नाव लिहावयास विसरू नये.