पाणबुड्याचा जुना रेग्युलेटर आणि आपल्या ओट्याखालचा सिलिंडर

मालवण-तारकर्लीला सहल गेली की ‘स्कुबा’ हा शब्द कानावर पडतोच. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात नळी, आणि माणूस पाण्याखाली श्वास घेत मासे बघत फिरतो. आज या साधनाचा इतिहास ऐकू या. वर्षानुवर्षं अडगळीत पडलेलं असं साधन पुन्हा वापरायचं तर काय करावं लागतं, तेही पाहू. तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आपल्या ओट्याखालीच आहे. घरच्या गॅसचा रेग्युलेटर आणि पाणबुड्याचा रेग्युलेटर एकाच कुळातले.

गोष्ट फ्रान्सची. १८६० च्या दशकात ब्नुआ रुकेरोल या खाण-अभियंत्याने एक यंत्र केलं. खाणीत विषारी वायू भरला तरी आत शिरणाऱ्याला श्वास घेता यावा, हा हेतू. त्यात रबराचा पडदा होता. श्वास ओढला की पडदा आत खेचला जाई, झडप उघडे आणि लागेल तेवढीच हवा येई. श्वास थांबला की झडप बंद. पुढे नौदलातले ऑग्यूस्त दनेरूझ यांच्या साथीने हे यंत्र पाण्याखाली गेलं. पण फार दाबाची हवा मावेल अशी टाकी तेव्हा नव्हती. त्यामुळे हवा बहुधा वरून पंपानेच सोडावी लागे.

मग आलं दुसरं महायुद्ध. फ्रान्समध्ये पेट्रोलचा तुटवडा पडला आणि लोक मोटारी गॅसवर चालवू लागले. इंजिनला हवा तेवढाच गॅस सोडणारी झडप एमिल गान्यां या अभियंत्याने केली होती. नौदलातले झाक कुस्तो पाण्याखाली वापरायच्या यंत्राच्या शोधात होते. त्यांची पत्नी सिमोन हिचे वडील गान्यांच्याच कंपनीत मोठ्या पदावर होते. त्या ओळखीतून दोघे भेटले.

१९४३ च्या सुरुवातीला मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवं पोहताना यंत्र छान चाले. उभं राहिलं की हवा भसाभसा वाया जाई, डोकं खाली केलं की श्वास ओढवेना. कारण निघालं साधं. उच्छ्वास बाहेर सोडणारी झडप आणि रबरी पडदा वेगवेगळ्या उंचीवर होते, आणि पाण्यात वीतभर उंचीच्या फरकानेही दाब बदलतो. दोन्ही शेजारी बसवले आणि अडचण सुटली. त्याच वर्षी जूनमध्ये बांदोलच्या समुद्रात कुस्तो खाली उतरले. पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडाला मुखवटा लावून त्यांच्यावर नजर ठेवून होती सिमोन. पुढे तीही बुडी मारायला शिकली आणि नवऱ्याच्या ‘कॅलिप्सो’ जहाजावर तिने आयुष्याचा मोठा काळ काढला.

युद्धानंतर असे संच कारखान्यात तयार होऊन जगभर विकले गेले. मानेमागे पितळी डबा आणि तोंडाकडे येणाऱ्या दोन जाड रबरी नळ्या, असं त्यांचं रूप. आज असे कितीतरी संच पेट्यांमध्ये पडून आहेत, आणि हौशी मंडळी ते पुन्हा चालू करतात. मात्र त्यांचा पहिला नियम असा, की जुना संच सापडला म्हणून तोंडात धरून पाण्यात उतरायचं नाही.

सुरुवात सिलिंडरपासून होते. आतला दाब गाडीच्या टायरच्या शंभरपटीच्या घरात जातो. गळ्याजवळ तपासणीची तारीख ठोकलेली असते, ती वाचायची. वर्षानुवर्षं भरून ठेवलेल्या लोखंडी सिलिंडरमधली हवा तर मुळीच घ्यायची नाही. आत ओल राहिली असेल तर गंज चढतो आणि गंज हवेतला प्राणवायू खातो. काटा भरलेला दाखवतो, पण ती हवा जीव वाचवेलच असं नाही. सिलिंडर रिकामा करून आत दिवा सोडून पाहतात. मग पाणी भरून दाब देतात. पाणी दाबलं जात नाही, म्हणून सिलिंडर फुटलाच तरी हवेसारखा स्फोट होत नाही. दाब काढल्यावर सिलिंडर मूळ मापाला यायला हवा. नाही आला, तर भंगारात.

मग रेग्युलेटर. तो खोलून पितळी भाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवतात. हिरवा गंज सुटला की गोड्या पाण्याने धुतात. खरवडायचं नाही, झडपेच्या तोंडाला ओरखडा पडला तर हवा गळत राहते. आणि सगळं रबर बदलायचं. पडदा, वायसर, नळ्या, सगळं. जुनं रबर दिसायला धड असलं तरी वाकवलं की भेगा दिसतात. खायचं तेल किंवा इंजिनऑईल लावायचं नाही. त्याने रबर खराब होतं, आणि जास्त दाबाच्या हवेत तेल पेटही घेऊ शकतं. त्यासाठी सिलिकॉनचं ग्रीस मिळतं. शेवटी जाणकार कारागीर दाब मोजून देतो, मगच पाण्याशी गाठ. काही संच कपाटात ठेवून बघण्यापुरतेच उरतात, आणि तेही मान्य करावं लागतं.

मैत्रिणींनो, पितळ पन्नास-साठ वर्षं टिकतं, पण जीव तोलून धरतो तो त्या पातळ रबरावर. घरच्या गॅसचंही तसंच. आपल्या सिलिंडरच्या वरच्या कड्याला जोडलेल्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती तपासणीची मुदत. मुदत उलटलेला सिलिंडर आला तर घेऊ नका, बदलून मागा, तो आपला हक्क आहे. केशरी नळीवरची तारीख बघा, पाच वर्षं झाली की नळी बदला. रेग्युलेटर मात्र घरी खोलू नका, एजन्सीत न्या.

गटाची पापडाची किंवा जेवणाच्या ऑर्डरची सामाईक शेगडी असेल, तर या तारखा बैठकीच्या वहीत लिहून ठेवा. नळी बदलायचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार, यावर अडून बसू नका. गटाच्या खर्चातच ते धरा.