कुटुंबाचे अन्नवन : दौंड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

महाराष्ट्राच्या कृषी-इतिहासाचे लेखन प्रामुख्याने शेतसारा, ऊस, सहकार आणि दुष्काळ यांभोवती फिरत राहिले. घराला खाऊ घालणारी झाडे त्यात क्वचितच आढळतात. याचे एक कारण साधनांतच दडलेले आहे. गावठाणातील जागेवर शेतसारा नसल्याने परसातील शेवगा, लिंबू, कढीलिंब यांची पीकपाहणीत नोंद होत नाही. आणि ज्याची नोंद नाही त्याला इतिहासही नाही, असे अभ्यासकांनी सोयीने गृहीत धरले.

एर्न्स्ट ग्योट्श या मूळच्या स्विस शेतकऱ्याने १९८४ नंतर ब्राझीलच्या बाहिया प्रांतात रूढ केलेल्या 'सिंट्रॉपिक' पद्धतीची आज बरीच चर्चा होते. उंचीनुसार झाडांचे थर, अल्पायुषी पिकांच्या आधाराने दीर्घायुषी झाडांची वाढ आणि छाटणीच्या पाल्याने झाकलेली जमीन ही तिची सूत्रे होत. याला समांतर विचार प्रा. श्री. अ. दाभोळकर (१९२४-२००१) यांनी महाराष्ट्रात स्वतंत्रपणे मांडला होता. गणिताच्या या प्राध्यापकाने पानांवर पडणारा सूर्यप्रकाश हेच शेतकऱ्याचे खरे भांडवल मानले व पाच जणांच्या कुटुंबास दहा गुंठे पुरतात, असा हिशेब दिला. 'प्लेंटी फॉर ऑल' (१९९८) या ग्रंथात तो विस्ताराने आला आहे. 'प्रयोग परिवारा'तील शेतकरी हे त्यांचे सहसंशोधक होते, अनुयायी नव्हेत. हा भेद महत्त्वाचा आहे.

सोलापूर रस्त्यावरील उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये 'बाएफ'ची स्थापना केली. या संस्थेचा 'वाडी' कार्यक्रम मात्र १९८२ मध्ये गुजरातेतील वांसदा येथील आदिवासी कुटुंबांत सुरू झाला. रोजगार हमीशी जोडलेली १९९० ची फळबाग योजनाही अनेकदा याच मालिकेत बसविली जाते. ते योग्य वाटत नाही. त्या योजनेची दृष्टी बाजाराकडे होती, दाभोळकरांची घरातील ताटाकडे.

याच रस्त्यावर पूर्वेस असलेले कुरकुंभ पर्जन्यछायेत येते. बाहियातील कोको पिकविणाऱ्या दमट पट्ट्याचा आराखडा येथे जसाच्या तसा उतरणार नाही. बोर, सीताफळ, शेवगा, आवळा यांचा थर आधी उभा करावा लागेल आणि पहिली दोन-तीन वर्षे पाणी हातानेच द्यावे लागेल. ते काम बहुधा घरातील स्त्रीवरच पडते. दहा गुंठ्यांच्या हिशेबात तिचे श्रम मोजले जावयास हवेत. शिवाय गावालगत रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत असल्याने, खाण्यासाठी झाड लावण्यापूर्वी विहिरीचे पाणी तपासून घेणे येथे अपरिहार्य ठरते.