सतरा सप्टेंबरची नानखटाई

आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना स्वातंत्र्यदिन दोन. १५ ऑगस्ट १९४७ ला देशात तिरंगा फडकला, तेव्हा आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. झेंडा फडकवण्यावरून स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली. आमची पाळी आली ती तेरा महिन्यांनी. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने रेडिओवरून लढाई थांबवल्याचे जाहीर केले.

आमच्या घरी १५ ऑगस्टला अम्मी जर्दा करायची. १७ सप्टेंबरला मात्र गोडाचे काही नसे. अब्बा पहाटेच नानखटाईचा पुडा घेऊन एस.टी.ने निघायचे. कुठे, ते आम्ही विचारत नसू.

बी.ए.च्या वर्गात रझाकारांचे अत्याचार शिकवले जात होते. दोघा-तिघांनी वळून माझ्याकडे पाहिले. त्या रात्री मी अब्बांना विचारले.

अब्बा तेव्हा दहा वर्षांचे, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यात. रझाकारांनी गाव लुटले, त्यात शेजारच्या पाटलांचे घरही गेले. पुढे फौज आली, रझाकार पळाले आणि गावोगाव सूड निघाला तो मागे राहिलेल्यांवर. आजोबा पिंजारी होते. कापूस पिंजण्यापलीकडे त्यांना राजकारण ठाऊक नव्हते. ते परतले नाहीत. दादी आणि अब्बा यांना आठ दिवस कडब्याच्या गंजीआड लपवले ते त्याच लुटल्या गेलेल्या पाटलांनी. नानखटाई तिथे जायची.

नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने त्या दिवसांतल्या मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. उस्मानाबाद सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होता. मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद तिने केली. हा अहवाल कित्येक दशके कपाटातच राहिला. एवढे मोठे दुःख कपाटात ठेवले की त्याचा ताबा भलतेच लोक घेतात, असे मला वाटते.

त्याच दिवसांतले आणखी एक नाव मला ठाऊक नव्हते, याची लाज वाटते. शोएबुल्ला खान, ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक. संस्थान भारतात विलीन व्हावे असे ते लिहीत राहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी हैदराबादेत त्यांचा खून केला, लिहिता हात तोडला. वर्गात माझ्याकडे वळून पाहणाऱ्यांना तेव्हा मला हे नाव सांगता आले असते.

अब्बा गेले. पुडा आता मी नेतो. सकाळी सिद्धार्थ उद्यानात मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिस्तंभापाशी झेंडावंदन, मग एस.टी. पोहोचेपर्यंत दुपार टळते.

यंदा पाटलांच्या नातवाचा फोन आला. “काका, शाळेतला झेंडा सकाळीच असतो. त्याआधी या. आणि पुडे चार-पाच आणा, पोरांना वाटू.”

इथले झेंडावंदन यंदा चुकणार. आदल्या रात्रीच्या गाडीने निघतो आहे.