रात्रीचे रक्त

हत्तीरोग आपल्याकडे जुनाच. माधवनिदानात ‘श्लीपद’ या नावाने त्याचे वर्णन आहे. पण पाय हत्तीसारखा झाल्यावर रोग ओळखण्यात कौशल्य ते काय? तो गल्लीतले पोरही ओळखील. खरी परीक्षा आहे ती पाय धडधाकट असताना रक्तातला जंत हुडकण्याची, आणि तिचा इतिहास मला गुप्तहेरकथेहून कमी वाटत नाही.

१८७२ साली कलकत्त्यात टिमथी लुईस या लष्करी डॉक्टरांना माणसाच्या रक्तात वळवळणारी जंतांची पिल्ले दिसली. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर! पुढे चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ साली ती डासाच्या पोटात वाढताना पाहिली. (डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन रोग होतो, अशी मात्र त्यांची समजूत होती. जंत डासाच्या सोंडेत येतो, हे १९०० साली जॉर्ज लो यांनी दाखवले.) जग मॅन्सनना डासाचे श्रेय देते, माझ्या मते त्यांचा मोठा शोध घड्याळाचा आहे. त्याच माणसाचे रक्त अहोरात्र तपासावे, तर दिवसा काच कोरी. अंधार पडला की पिल्ले दिसू लागत आणि मध्यरात्री त्यांची नुसती जत्रा! दिवसभर ती फुप्फुसांत दडी मारून बसतात. जंत खिशात घड्याळ बाळगतात काय, अशी तेव्हा थट्टा झाली म्हणतात. पण हा रोग पसरवणारा आपल्याकडचा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो, हे थट्टेकऱ्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला.

या शोधाने तपासनिसाची झोप मात्र कायमची गेली. १९५५ साली आपल्याकडे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि रात्रीची पथके दारोदार फिरू लागली. दिवसभर राबून नुकताच डोळा लागलेला माणूस म्हणणारच, “मला काही झालं नाही, साहेब. सकाळी या!” गंमत अशी, की काहीच न झालेल्याच्याच रक्तात पिल्ले बहुधा सापडतात, आणि ज्याचा पाय सुजला आहे त्याच्या रक्तात पुष्कळदा एकही नसते. गावाला धोका त्या झोपलेल्याकडून; आणि वेळीच औषध मिळाले तर वाचणारा पायही त्याचाच.

शिवाय एका थेंबात पिल्लू आलेच नाही तर? म्हणून १९३९ साली नॉट यांनी एक मिलिलिटर रक्त दहा मिलिलिटर सौम्य फॉर्मॅलिनमध्ये घालून खालचा गाळ तपासण्याची युक्ती काढली. मग बारीक छिद्रांच्या गाळण्या आल्या. आमच्या विदर्भात, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, रक्तरसातून रोग ओळखण्यावर वर्षानुवर्षे संशोधन झाले. गेल्या शतकाच्या अखेरीस तर जंताने रक्तात सोडलेले द्रव्य ओळखणारी पट्टी निघाली. बोटाचा थेंब, दहा मिनिटे, तोही भरदिवसा!

तरी काच अडगळीत गेली नाही. जंत मेला तरी पट्टी काही महिने ‘आहे’ म्हणत राहते, आणि केरळातला ब्रुगिया जंत तिला ओळखताच येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र शेपटीचे टोक पाहिले की पुरे: दोन ठिपके असले तर ब्रुगिया, टोक मोकळे असले तर आपला नेहमीचा पाहुणा.